लांब पल्ल्याच्या ट्रकवरचे पहिले वर्ष

सत्तरी, डिचोली, सांगे या तालुक्यांत एके काळी ट्रक चालवणे म्हणजे खाणीवरून जेटीपर्यंत खेपा मारणे, एवढाच अर्थ होता. सकाळी गाडी काढायची, जमतील तेवढ्या खेपा करायच्या आणि रात्री जेवायला घरी हजर व्हायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ही घडी विस्कटली. अनेक टिप्पर अंगणातच गंजत राहिले. लिलावानंतर काही खाणी टप्प्याटप्प्याने सुरू होत असल्या, तरी गावातल्या तरुणाने केवळ त्या भरवशावर बसावे असे दिवस राहिलेले नाहीत. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींतून माल भरून बेळगाव, पुणे, मुंबई, हैदराबादकडे जाणारी गाडी, म्हणजेच चालकांच्या भाषेत ‘लाइनची गाडी’, हा त्यातल्या अनेकांना दिसणारा एक मार्ग आहे.

टिप्पर चालवता येतो, मग लाइनची गाडीही चालवता येईल, असा समज सर्रास आढळतो. स्टिअरिंग आणि गिअरपुरता तो खराही आहे. मात्र खाणीवरच्या चालकाला रस्ता पाठ होता, वळणे पाठ होती, गाडी बिघडली तर मेकॅनिक हाकेच्या अंतरावर होता आणि जितक्या खेपा अधिक तितकी कमाई अधिक, हा हिशेब अंगवळणी पडलेला होता. लांब पल्ल्यावर नेमकी ही घाईची सवयच अंगाशी येते. येथे रस्ता परका असतो, माल दुसऱ्याचा असतो, आणि रात्री दोन वाजता निर्णय घ्यायला केबिनमध्ये दुसरे कोणी नसते.

आधी परवान्याविषयी. मालवाहू वाहनाचा परवाना मिळण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या मोटार वाहनाचा परवाना हाती येऊन किमान एक वर्ष झालेले असावे लागते. म्हणजे अठराव्या वर्षी मोटारीचा परवाना घेतलेला मुलगा विसाव्या वर्षी जड वाहनासाठी अर्ज करू शकतो. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. मालवाहू वाहनाचा परवाना पाच वर्षांसाठी मिळतो; ज्वलनशील वा घातक रसायने वाहून नेण्याची नोंद हवी असेल तर तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ती मुदतही तीनच वर्षांची असते. मुदत संपलेला परवाना खिशात ठेवून गाडी चालवली आणि अपघात झाला, तर भरपाईच्या प्रकरणात विमा कंपनी प्रथम त्याच मुद्द्यावर बोट ठेवते. त्यामुळे ही तारीख लक्षात ठेवणे हे वाहतूक खात्याचे नव्हे, चालकाचे स्वतःचे काम आहे.

एकदम दहा चाकी गाडीवर बसण्याची गरज नसते, हेही अनेकांना ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. बेळगावहून भाजी आणणारा वा फोंड्याहून सावंतवाडीला किराणा पोचवणारा छोटा टेंपो वर्षभर चालवला, तर माल भरणे, बांधणे, पावत्या सांभाळणे, गिऱ्हाइकाशी बोलणे हे सारे कमी जोखमीत शिकून होते. हा रस्ता थोडा लांबचा वाटतो, पण नवख्यासाठी तोच अधिक शहाणपणाचा.

पूर्वी हे शिक्षण किन्नर म्हणून होत असे. मुलगा काही वर्षे क्लीनरच्या जागेवर बसायचा, चाके ठोकून हवा पाहायचा, ताडपत्री ओढायचा, उस्तादाच्या शिव्या खायचा, आणि मग कधी तरी रिकाम्या रस्त्यावर त्याच्या हाती स्टिअरिंग यायचे. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता. त्या काळात ना धड पगार मिळे ना मान. पण चाकाचा आवाज बदलला म्हणजे काय झाले, हे त्या मुलाला कळत असे. आता खर्च वाचवण्यासाठी कित्येक मालक एकाच माणसावर गाडी पाठवतात. प्रशिक्षण शाळेत रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्यावर शिकलेला चालक पहिल्यांदा भरलेली गाडी हाती घेतो, तो थेट घाटात. म्हणून पहिल्या तीन-चार फेऱ्या जुन्या चालकाच्या सोबतीने करू देणारा मालक मिळाला, तर पगार थोडा कमी असला तरी तीच नोकरी धरावी.

गोव्यातून बाहेर पडणाऱ्या चालकाला घाट टाळता येत नाही. बेळगावकडे जायचे तर मोलेहून अनमोड घाट किंवा केरीहून चोर्ला घाट. कोल्हापूरकडे जायचे तर आंबोली, फोंडा घाट किंवा गगनबावड्याचा करूळ घाट. चढताना गाडी रडते, वेग पडतो, मागचे हॉर्न वाजवतात आणि नवखा घाबरतो. खरे भय उताराचे असते. त्यामागचे साधे विज्ञान समजून घेतले तर पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

तीन अक्षांच्या, म्हणजे दहा चाकी ट्रकचे मालासह कमाल वजन २८.५ टन असते. एवढा भार ५०० मीटर उंचीवरून खाली येतो, तेव्हा त्यातून मोकळी होणारी ऊर्जा सव्वाचारशे ते साडेचारशे लिटर थंड पाणी उकळीपर्यंत आणण्याइतकी असते. ही ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी. गाडी मोठ्या गिअरमध्ये वा न्यूट्रलवर असेल तर ती जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड सुटते, आणि पाय तळापर्यंत दाबला तरी गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाले’ अशी बातमी वृत्तपत्रांत येते, तेव्हा ब्रेक मोडलेले असतातच असे नाही. कित्येकदा ते केवळ तापलेले असतात, आणि तासाभराने थंड झाल्यावर पुन्हा लागू शकतात.

यावरचा उपाय घाटमाथ्यावरच करायचा असतो. उतार सुरू होण्यापूर्वी थांबून हवेच्या दाबाचा काटा पाहावा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो सुरू ठेवावा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवू नये आणि भरभर पंपही करू नये, कारण एअर ब्रेकमध्ये प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. वेग थोडा वाढू द्यावा, मग ठामपणे दाबून ताशी आठ-दहा किलोमीटरने कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा. जळका वास आला, चाकाजवळ धूर दिसला, तर सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, चाकांखाली दगड लावावेत आणि वाट पाहावी. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. त्याला तडा जाऊ शकतो. आणि निघताना ते दगड उचलून कडेला टाकावेत. हे सांगावे लागू नये, पण घाटरस्त्यावर मध्येच पडलेले असे दगड अंधारात दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतात.

न्यूट्रलवर उतरण्याचा मोह मात्र अजून सुटलेला नाही. त्यामागे डिझेल वाचवण्याची कल्पना असते. प्रत्यक्षात आजच्या इंजिनांत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायलाच थोडे डिझेल लागते. जीव धोक्यात घालून काही वाचत नाही, उलट थोडे जातेच.

पावसाळ्यात घाटांची कथा आणखी वेगळी. दरड कोसळणे, रस्ता खचणे यामुळे जड वाहतूक अचानक बंद केली जाते, आणि कोणत्या घाटातून किती वजनाची गाडी सोडायची याचे जिल्हा प्रशासनाचे आदेश बदलत राहतात. निघण्यापूर्वी त्याच मार्गावरून नुकत्याच आलेल्या चालकाला एक फोन केला, तर पायथ्याशी दोन दिवस अडकून पडण्याची वेळ सहसा येत नाही.

वजनाच्या बाबतीत नवख्याची फसवणूक सर्वाधिक होते. ‘दोन टनच जास्त आहेत, काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक चालकाने पहिल्या महिन्यात ऐकलेले असते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानुसार जादा भारासाठी २० हजार रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. पाच टन जादा असतील तर ३० हजार. वजन करून घेण्यास नकार देऊन गाडी पुढे काढणाऱ्या चालकाला ४० हजार. शिवाय जादा माल तेथेच उतरवून घ्यावा लागतो, त्याची हमाली निराळी. हा पैसा कोण भरणार, हा वाद गाडी रस्त्यात अडकल्यावर फोनवर मिटत नाही. म्हणून भराईच्या ठिकाणाहून निघताना वजनकाट्याची पावती मागून घ्यावी. ती मागणारा चालक भराईदाराला आवडत नाही, हे खरे. पण एकदा मागितली की दुसऱ्या वेळी माल बेताने भरला जातो, असाही अनुभव येतो.

माल किती यासोबतच तो कुठे ठेवला आहे, हेही पाहायला हवे. सारा भार मागे असेल तर पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. उंच रचलेला माल वळणावर गाडीला बाहेर फेकतो. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड, कारण आतला द्रव ब्रेक लावल्यावर पुढे धावतो. दोर आणि ताडपत्री पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणावी लागते. हादऱ्यांनी माल बसतो आणि घट्ट वाटलेली गाठ सैल होते. मासळीच्या गाड्यांचा तर नवख्याने पहिल्या वर्षी विचारच करू नये. तेथे बर्फ वितळण्याशी शर्यत असते, बाजाराची वेळ चुकली तर मालाचा भाव पडतो, आणि त्या घाईचा भार सरतेशेवटी चालकाच्या पायावर येतो.

आता वेळेचे गणित, कारण खरी ओढाताण तेथे आहे. उदाहरणादाखल गोव्याहून हैदराबादची खेप घ्यावी. अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. म्हणजे या खेपेला कागदोपत्री चार दिवस मिळतात. घाट, टोलनाके, गावे धरून भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटर मानला, तर चाक साडेअठरा तास फिरते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती हे माप घालून दिले होते. त्या मापाने ही खेप तिसऱ्या दिवशी पोचते. मालकाचा निरोप मात्र बहुधा असा असतो: आज संध्याकाळी भरून निघ, उद्या दुपारी खाली कर.

कागद चार दिवस देतो, शरीर तीन मागते आणि मालक एक रात्र देतो. नव्या चालकाला हा फरक आकड्यांत मांडता आला पाहिजे. ‘जमणार नाही’ असे नुसते म्हणणाऱ्याला कामचुकार ठरवले जाते. ‘साडेअठरा तासांचे ड्रायव्हिंग आहे, परवा सकाळी पोचवतो, ई-वे बिलाची मुदत त्यानंतरही शिल्लक आहे’ असे म्हणणाऱ्याशी बोलणी करावी लागतात. सगळेच मालक ऐकतात असे नाही. पण मालकावरही गिऱ्हाइकाचा, बँकेच्या हप्त्याचा दाब असतो, आणि त्याला गिऱ्हाइकापुढे ठेवायला हाच हिशेब उपयोगी पडतो.

झोपेपुढे निग्रह चालत नाही. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच आणि दुपारच्या जेवणानंतरचे दोन तास या वेळी शरीर स्वतःहून मिटू पाहते. अशा वेळी काही क्षणांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे चालकाला कळतही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढे अंतर तिला कोणीही चालवत नसते. शेवटचे गाव कधी मागे पडले हे आठवत नसेल, गाडी पट्ट्यावर चढत असेल, जांभया थांबत नसतील, तर चहा, गुटखा, मोठ्याने लावलेली गाणी यांनी फार तर दहा मिनिटे ढकलली जातात. बाजूला उजेडाची, वर्दळीची जागा पाहून वीस मिनिटे डोळे मिटणे हाच इलाज. जागे राहण्याच्या गोळ्या ढाब्यांवर गुपचूप मिळतात. त्यांच्या वाटेला एकदाही जाऊ नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. मे महिन्यात रायचूरच्या बाजूला दुपारी गाडी उभी करून झोपण्याचा प्रयत्न केलेल्या कोणालाही हा नियम चैनीचा वाटणार नाही. पण जुन्या गाड्या अजून अनेक वर्षे धावणार आहेत आणि नवख्याच्या वाट्याला बहुधा जुनीच गाडी येते.

पैशाचा व्यवहार तोंडी असतो, आणि भांडणे तेथूनच सुरू होतात. कोठे महिन्याचा पगार आणि वर दिवसाचा भत्ता, कोठे फेरीवर ठरावीक रक्कम. निघताना मालक रोख खर्ची देतो. तिच्यातून जेवण, वाराई, पंक्चर, पार्किंग भागवायचे आणि परतल्यावर हिशेब द्यायचा. डिझेलचा हिशेब ॲव्हरेजवर चालतो. लिटरला चार किलोमीटर धरले तर साडेसहाशे किलोमीटरला सुमारे १६२ लिटर लागतात; प्रत्यक्षात साडेतीनच पडले तर १८६. हे २३-२४ लिटर कोणाच्या खात्यावर? घाट, भार, जुने टायर, वाहतूक कोंडी यांमुळे ॲव्हरेज पडते हे मालकालाही ठाऊक असते, पण लिहून ठेवलेले नसेल तर नवख्याच्या पगारातून कापून घेणे सोपे जाते. एक साधी वही, तीत प्रत्येक वेळी डिझेल भरतानाचा किलोमीटरचा आकडा, लिटर आणि पावती एवढे पुरते. ई-चलनाचेही तसेच. ते गाडीमालकाच्या मोबाइलवर येते आणि महिन्याने चालकाला सांगितले जाते. कोणत्या तारखेला गाडी कोणाच्या हाती होती, हे वहीतच सापडते.

अपघाताचा विचार कोणालाच करायचा नसतो, तरी पहिल्या फेरीपूर्वी तो एकदा करून ठेवावा. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. जमावाच्या रोषामुळे थांबणे शक्य नसेल, तर त्या परिस्थितीची दखलही हाच कायदा घेतो. मात्र त्याने पुढच्या पोलीस स्थानकात जाऊन कळवण्यातून सुटका होत नाही. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम स्थगित ठेवण्यात आले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचे मूळ कलम मात्र लागू आहे. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक फोनमध्ये असतातच, पण केबिनमध्ये कागदावर लिहून चिकटवलेलेही असावेत. हात थरथरत असताना फोनमध्ये नाव शोधता येत नाही.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी मालकाला काय विचारावे, हे जुने चालक चार शब्दांत सांगतात. गाडीचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत आहे? टायर कधी बदलले? जादा भाराचा दंड कोण भरणार? घरी किती दिवसांनी येता येईल? शेवटचा प्रश्न विचारायला नव्या मुलांना संकोच वाटतो, पण चतुर्थीला गाडी इंदूरच्या ट्रान्सपोर्टनगरात परतीच्या भाड्याची वाट पाहत उभी राहिली, की तोच सर्वांत आधी आठवतो. उत्तरे तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी ती मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावीत, ‘ठरल्याप्रमाणे’ असे म्हणून. मालकाने त्यावर नुसता अंगठा दाखवला, तरी पुढे वाद झालाच तर दाखवायला काही तरी हाती राहते.